मयत कुणाचे?



नोव्हेंबर महिना हा आपल्या मृतांचा महिना. २ तारखेला आपण कबरस्थानात गेलो, कबरी झाडल्या, मेणबत्त्या लावल्या, पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. वेदीजवळ ठेवलेल्या पेटीत तुम्ही आपापल्या घरच्या मृतांची नावे लिहून टाकली आहेत आणि महिनाभर प्रत्येक मिस्सात आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करीत आहोत.

ह्याच महिन्यात एका प्रश्नाचे उत्तर देण्याचे माझ्याकडे बाकी आहे. सप्टेंबर महिन्यात मी रविवारच्या मिस्सात एका गायकाचे नाव घेऊन प्रार्थना केली होती. मिस्सा संपल्यावर आपल्यापैकी एका जबाबदार बंधूंनी मला बाजूला घेऊन विचारले, "फादर, रागावू नका; पण तो गायक ख्रिस्ती नव्हता, आपल्या भागातला नव्हता, तुम्ही-आम्ही कुणी त्याचे गाणे ऐकलेले नाही. उद्या सिनेमातल्या प्रत्येक नटासाठी मिस्सा होणार का?" प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हणालो, "ह्याचे उत्तर मी लिहून देईन." ते आज देत आहे. ते देताना माझी स्वतःची एक जुनी चूकही तुम्हाला सांगावी लागणार आहे.

प्रथम सप्टेंबरची हकिगत. २१ सप्टेंबर २०२५, रविवार. मिस्साला अजून अर्धा तास अवकाश होता. रांजणगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करणारा एक विशीतला मुलगा सॅक्रिस्तीच्या दारात येऊन उभा राहिला. हा मुलगा आसाममधल्या चहाच्या मळ्यातला, आपला कॅथलिक. गेले वर्षभर तो शेवटच्या बाकावर बसतो आणि मिस्सा संपली की कुणाशी न बोलता निघून जातो, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. डोळे सुजलेले होते. तो हिंदीत म्हणाला, "फादर, हमारे जुबिनदा चले गये. उनके लिए प्रार्थना करेंगे?"

मला वाटले, ह्याचा मोठा भाऊ गेला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारले, "अपघात झाला का? घरी कोण कोण आहे?" तेव्हा कळले की जुबिनदा म्हणजे आसामचे गायक जुबिन गर्ग. दोनच दिवसांपूर्वी, १९ सप्टेंबरला, सिंगापूरमध्ये त्यांचा मृत्यू झाला होता. वय ५२. हे नाव मी कधी ऐकलेले नव्हते. २००६ सालच्या 'गँगस्टर' चित्रपटातले त्यांचे एक हिंदी गाणे देशभर गाजले होते, असे मागाहून कळले. मी ते रिक्षात, बसमध्ये ऐकलेही असेल. पण कोण गातो आहे हे विचारलेले नव्हते. आसाममध्ये मात्र त्या माणसासाठी राजकीय दुखवटा जाहीर झाला, गुवाहाटीचे रस्ते माणसांनी भरून गेले, आणि २३ सप्टेंबरला गुवाहाटीजवळ कमारकुची येथे शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होईपर्यंत ती गर्दी हटली नाही.

त्या मुलाला मी काय उत्तर देणार होतो? खरे सांगतो, माझ्या तोंडावर एक तयार उत्तर आले होते: "बाळा, मिस्सात आपण आपल्या धर्मग्रामातल्या मृतांसाठी प्रार्थना करतो." वाक्य अर्धे ओठांवर आले आणि तेथेच अडले. कारण हेच वाक्य मी तेवीस वर्षांपूर्वी एकदा उच्चारले होते, आणि त्याचा हिशेब माझ्या मनात अजून मिटलेला नाही.

तेव्हा मी पुण्यात सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दर रविवारी आम्हा ब्रदरांना कामासाठी बाहेर पाठवीत. माझ्या वाट्याला दौंड तालुक्यातली एक वस्ती आली होती. पहाटे पुणे स्टेशनवरून दौंडची पॅसेंजर पकडायची, उतरून सायकलीने वस्तीवर जायचे, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचा, मिस्साची तयारी करायची आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थना लिहून काढायच्या, असा माझा क्रम होता.

१५ जानेवारी २००२ रोजी, मंगळवारी, तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर ह्यांचे निधन झाले. सेमिनरीत मराठी वर्तमानपत्र येत असे. ती बातमी मी वाचली आणि पान उलटले. त्या आठवड्यात आम्हाला प्लेटो शिकवीत होते. मी तमाशा कधी पाहिला नव्हता, लावणी कानावर पडली तर रेडिओ बंद करणाऱ्या घरात वाढलो होतो. विठाबाई आणि मी एकाच पुणे जिल्ह्यातली माणसे, पण त्यांचे जग माझे नव्हते.

रविवारी, २० तारखेला, मी वस्तीवर पोहोचलो. एक म्हाताऱ्या आजी माझ्याजवळ आल्या. रेल्वेत गँगमन असलेल्या माणसाची ती विधवा. नियमाने मिस्साला येणारी, जपमाळ न चुकवणारी बाई. त्या हळूच म्हणाल्या, "ब्रदर, इठाबाई गेली म्हनं. तिच्यासाठी बी एक म्हना की."

मी बावीस वर्षांचा होतो आणि मला पुष्कळ कळते असे मला वाटत होते. मी म्हणालो, "आजी, त्या आपल्यातल्या नव्हत्या. मिस्सात आपण आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतो. आणि तमाशातल्या बाईसाठी प्रार्थना केली तर लोक काय म्हणतील?"

आजी एवढेच म्हणाल्या, "बरं." डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जाऊन आपल्या जागेवर बसल्या. त्या रागावल्या नाहीत. दर रविवारी माझ्यासाठी डब्यात भाकरी-चटणी बांधून देत, तीही त्यांनी त्या दिवशी दिली. मी ती खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलो. काही बिघडले आहे असे मला वाटलेही नाही.

धर्मगुरू झाल्यावर काही वर्षांनी पुन्हा त्या वस्तीवर जाण्याचा योग आला. आजी देवाघरी गेल्या होत्या. त्यांच्या मुलाबरोबर कबरीवर गेलो. प्रार्थना झाल्यावर तो सहज बोलता बोलता म्हणाला, "फादर, आमचा बापू तमाशाचा लई नादी. पंचक्रोशीत जत्रेला नारायणगावकरांचा फड आला की ड्यूटी बदलून जायचा. आईनं जल्मात तमाशा पाह्यला न्हाई. पन बापू पहाटे घरी यायचा, आई चुलीपाशी असायची, आन् बापू रातभर ऐकलेली गानी तिला म्हनून दाखवायचा. त्याचा गळा काय चांगला नव्हता. तरी आई ऐकत बसायची. बापू लवकर गेला. मंग आई दळताना तीच गानी गुनगुनायची."

मी कबरीजवळ उभा होतो. मला तो जानेवारीचा रविवार आठवला. आजींनी विठाबाईंना कधी पाहिलेही नव्हते. त्यांच्या लेखी विठाबाई म्हणजे पहाटेची चूल, रात्रभर जागलेला नवरा आणि त्याचा बेसूर गळा. विठाबाई गेल्या तेव्हा बापू दुसऱ्यांदा गेला होता. ते दुःख घेऊन ती बाई माझ्याकडे आली होती, आणि मी तिला सांगितले की ते आपल्यातले नाही.

मी फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता: "आजी, त्या तुमच्या कोण?" तेवढा प्रश्न विचारला असता तर सगळे कळले असते. तो मी विचारला नाही, आणि आता विचारायला आजी नाहीत.

बंधुभगिनींनो, आपल्या शिरूर-दौंड भागात खेड्यापाड्यांची एक चांगली रीत आहे. रस्त्याने मयत चालले असेल तर आपण बाजूला उभे राहतो, टोपी काढतो आणि शेजारच्याला विचारतो, "कुणाचं मयत?" मयत कोण, असे विचारत नाही, कुणाचे, असे विचारतो. उत्तर मिळते, "अमक्याची आई", "तमक्याचा चुलता". मग आपण मातीला जातो. मेलेल्या माणसाला आपण कधी पाहिलेले नसते, पण ज्याचे माणूस गेले त्याला आपण ओळखतो. म्हणून आपण जातो, गडवाभर पाणी देतो, दहा मिनिटे न बोलता बसतो आणि परत येतो. ही साधी रीत नातेवाइकांच्या बाबतीत आपल्याला बरोबर समजते. कलावंताच्या मरणाच्या वेळी मात्र आपण ती विसरतो.

पवित्र शास्त्रातही हेच आहे. ज्या मंगळवारी, १६ सप्टेंबरला, नाईन गावाचे शुभवर्तमान मिस्सात वाचले गेले, त्याच आठवड्यात हा मुलगा माझ्याकडे आला. लूकच्या सातव्या अध्यायातली ती घटना तुम्हाला ठाऊक आहे. प्रभू येशू गावाच्या वेशीपाशी येतो आणि समोरून एका तरुणाचे मयत येते. त्या तरुणाशी प्रभूची ओळख होती असे लूक कोठेही सांगत नाही. त्याचे नावसुद्धा दिलेले नाही. प्रभूची नजर प्रथम जाते ती त्याच्या आईकडे. ती विधवा आहे आणि हा तिचा एकुलता एक मुलगा आहे. तिला पाहून त्याचे अंतःकरण कळवळते. तिरडीला हात नंतर लागतो; कळवळा आधी येतो, आणि तो येतो जिवंत, रडणाऱ्या माणसाकडे पाहून.

दुसरा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायातला. यापो गावात तबिथा नावाची शिष्या मरण पावते. संत पेत्र जवळच्या गावात असतो, त्याला बोलावून आणतात. माडीवर गावातल्या विधवा रडत उभ्या असतात. त्या पेत्राला काय दाखवतात? तबिथाने हयातीत शिवलेले अंगरखे आणि कपडे. तबिथा कोण होती हे त्यांना भाषण करून सांगता येत नाही. त्यांच्या अंगावर, त्यांच्या हातात तिने केलेली वस्तू आहे, तीच त्या पुढे करतात. पेत्र ते कपडे पाहतो. तो असे म्हणत नाही की मला तातडीची कामे आहेत, शिवणकाम पाहायला मला वेळ नाही. आधी पाहून घेतो, मग सर्वांना बाहेर पाठवून गुडघे टेकतो.

गाणारा मेला की त्याचे रसिक असेच अंगरखे घेऊन आपल्यापुढे येतात. "हे गाणं ऐका, फादर." "हे त्यांनी आमच्या गावच्या जत्रेत म्हटलं होतं." त्यांना कौतुक करून घ्यायचे नसते. मेलेल्या माणसाने आपल्याला काय घालायला दिले, कोणत्या थंडीत ते अंगावर पांघरले, हे त्यांना सांगायचे असते.

म्हणून त्या रविवारी मी त्या मुलाला विचारले, "ते तुझे कोण?"

तो गोंधळला. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, इयरफोनचे एक टोक मला दिले आणि दुसरे स्वतःच्या कानात घातले. सॅक्रिस्तीत उभ्या उभ्या मी एक आसामी गाणे ऐकले. शब्द एक कळला नाही. खोटे कशाला सांगू, ते गाणे मला आवडले की नाही हेही सांगता येणार नाही. पण मुलगा सांगत होता ते मला कळले. ठेकेदाराने दिलेल्या खोलीत दहाजण राहतात, कुणी ओडिशाचा, कुणी बिहारचा. त्याची बोली बोलणारा तेथे कुणी नाही. रात्रपाळी करून आल्यावर झोप लागेपर्यंत तो ही गाणी ऐकतो. बिहूच्या सणाला मळ्यातल्या घरांच्या रांगेत एकच भोंगा लावायचे, त्यावर हाच आवाज असायचा आणि तेव्हा त्याचे वडील जिवंत होते. शनिवारी कामावर त्याचे डोळे पाहून वरच्याने विचारले होते, "तेरा रिश्तेदार था क्या?" आणि सगळे हसले होते.

प्रश्न पाहा. "तेरा कौन था" हाच प्रश्न त्यानेही विचारला आणि मीही विचारला. एकाने गप्प करण्यासाठी विचारला. दुसऱ्याने, देवाच्या कृपेने आणि एका आजीच्या पुण्याईने, ऐकून घेण्यासाठी विचारला. शब्द तेच, पण एकाने दार लावले जाते आणि दुसऱ्याने उघडते.

आता आपल्या बंधूंच्या प्रश्नाकडे येतो. ख्रिस्ती नसलेल्यासाठी मिस्सात प्रार्थना चालते का? चालते. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ९०१ वे कलम सांगते की धर्मगुरूला जिवंत वा मृत कुणासाठीही मिस्सा अर्पण करता येते. आपण प्रत्येक मिस्सात फक्त आपल्या धर्मग्रामातल्या मृतांची आठवण करीत नाही. देवाच्या दयेत जे जे ह्या जगातून गेले त्या सर्वांची करतो, आणि एका प्रार्थनेत तर ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक आहे अशांचीही करतो. २००२ साली मी आजींना जे सांगितले ते नियमाच्या दृष्टीनेही चुकीचे होते. लोक काय म्हणतील ह्या भीतीला मी नियमाचा झगा घातला होता, इतकेच.

आणि प्रार्थना म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. जुबिन गर्ग ह्यांच्या गाण्यांची किंवा आयुष्याची परीक्षा घेऊन आपण त्यांना पास केले असा तिचा अर्थ होत नाही. आपल्या घरच्या मृतांची नावे आपण पेटीत टाकतो तीही ते निर्दोष होते म्हणून नाही. देवाची दया त्यांना हवी आहे म्हणून टाकतो.

ह्याबाबत संत ऑगस्टीनकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सन ३८७ मध्ये ओस्तिया बंदरात त्याची आई मोनिका वारली. अंत्यविधीच्या वेळी त्याने अश्रू आवरून धरले. श्रद्धावंताने रडू नये असे त्याला वाटत होते. नंतर एकान्तात त्याला ते आवरेनात. आपल्या आत्मकथनाच्या नवव्या भागात हे सांगून झाल्यावर तो एक विनंती करतो: जे कुणी हे वाचतील त्यांनी वेदीपाशी माझ्या आईची आणि माझ्या वडिलांची आठवण करावी. ज्यांनी मोनिकेला कधी पाहिले नाही, जे अजून जन्मलेलेही नव्हते, त्यांच्यापुढे तो पदर पसरतो. सोळाशे वर्षे होऊन गेली, आपण आजही संत मोनिकेचे नाव घेतो. का? एका मुलाचे अश्रू आपल्यापर्यंत पोहोचले म्हणून. ओळख नसलेल्या मृतासाठी प्रार्थना करणे ही ख्रिस्तसभेत नवीन गोष्ट नाही.

येथे दुसऱ्या बाजूचाही धोका सांगतो. ज्याला आपण कधी ऐकले नाही त्याच्यासाठी रडण्याचे सोंग आणू नये. आजकाल कुणी नामवंत गेले की तासाभरात चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर मृताचा फोटो लहान आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे. मोबाइलवर हात जोडलेली चित्रे फिरतात. पाठवणाऱ्याला विचारा, त्यांचे एक गाणे सांगा, तर सांगता येत नाही. हे दुःख नाही, ही हजेरी आहे. देवाला खोटे अश्रू नकोत, आणि खऱ्या दुःखितालाही ते लगेच ओळखू येतात. "मी त्यांना ऐकलेले नाही, तू सांग" असे म्हणण्यात कमीपणा नाही. ते वाक्य शंभर फ्लेक्सपेक्षा मोठे आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. विठाबाईंच्या मरणाच्या आठवड्यात मी जो प्लेटो वाचीत होतो, तो आपल्या आदर्श नगरीची कल्पना मांडताना म्हणतो की नाना सोंगे वठवणारा मोठा कवी आपल्या नगरीत आला तर त्याला मान द्यावा, त्याच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतावे, डोक्याला पट्टा बांधावा आणि मग त्याला दुसऱ्या गावी पाठवून द्यावे, कारण आपल्याकडे त्याला जागा नाही. परीक्षेत मी त्यावर चांगले उत्तर लिहिले, गुणही मिळाले. पण प्लेटोने सांगितलेली ती गोष्ट आपल्याच जिल्ह्यात त्याच आठवड्यात घडली आहे, हे मला दिसले नाही.

विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू ह्यांचा फड जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचा, आणि नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. आजही पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला जातात. लहानपणापासून विठाबाई फडात नाचल्या-गायल्या. पूर्ण दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तेव्हा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा लोकांपुढे उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्रात अजून सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. आणि अखेरच्या आजारात दवाखान्याचे बिल भागवायला लोकांना वर्गणी काढावी लागली. त्यांच्या पश्चात, २००६ सालापासून, राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते.

मस्तकावर तेल, डोक्याला पट्टा, आणि मग वेशीबाहेर. ज्यांनी रात्र रात्र शिट्ट्या मारल्या त्यांनीही हे केले, आणि माझ्यासारख्या, कधी न पाहिलेल्यांनीही केले. त्यांनी करमणूक झाल्यावर पाठ फिरवली. आम्ही तोंड वळवून ती कधी समोर धरलीच नाही. विठाबाई मांग समाजातल्या. आपल्या धर्मग्रामातही मांग आणि महार समाजातून आलेली घरे आहेत. कुणाच्या पणजोबाच्या हातात हलगी होती, कुणाच्या आजोबांना डफाचे वेड होते. ख्रिस्ती झाल्यावर त्यातले पुष्कळ मागे राहिले, आणि ते नाव घ्यायचीही लाज वाटू लागली. आजी माझ्याकडे हळू आवाजात का बोलल्या, हे आता मला समजते. त्यांना आधीच ठाऊक होते की ब्रदर नाही म्हणतील.

बंधुभगिनींनो, ह्या सगळ्यातून तुमच्या घरासाठी तीन गोष्टी सांगतो.

पहिली. तुमचा मुलगा किंवा मुलगी एखादा गायक गेला म्हणून जेवत नसेल, तर "तो काय तुझा मामा होता का?" असे म्हणू नका. त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "मला एक गाणं ऐकव." आवडले नाही तरी शेवटपर्यंत ऐका. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. त्या पाच मिनिटांत मूल तुम्हाला असे काही सांगेल, जे एरवी वर्षभर सांगणार नाही. हेच मुलांनाही सांगतो. तुमच्या आजीने रेडिओवरच्या कुणा जुन्या गायिकेच्या निधनाची बातमी ऐकून डोळ्यांना पदर लावला, तर हसू नका. विचारा. कदाचित तेथे एखादा बापू पुरलेला असेल.

दुसरी. कलावंताला मान मरणानंतरच द्यायचा असे नाही. लग्नात हलगीवाल्याला, बँडवाल्याला ठरलेली बिदागी देताना घासाघीस करू नका, आणि त्यांना पंगतीत सर्वांबरोबर बसवा. आपल्या चर्चमध्ये दर रविवारी पेटी वाजवणाऱ्याला, गायनवृंदाला कधी "आज चांगले झाले" असे म्हटले आहे का, हेही आठवून पाहा.

तिसरी. पेटीत नावे टाकण्याची मुदत अजून आहे. ह्या वर्षी आपल्या घरच्या नावांखाली एक ओळ मोकळी ठेवा आणि तेथे असे एक नाव लिहा, जे तुमचे नाही, पण तुमच्या ओळखीच्या कुणाच्या तरी काळजात आहे. शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, खोलीवर राहणाऱ्या परप्रांतीय मुलाला विचारा, "तुझं ह्या वर्षी कोण गेलं?" शुक्रवारी, २८ नोव्हेंबरला, संध्याकाळच्या मिस्सात ती सर्व नावे वाचली जातील.

माझा स्वतःचा कागद मी टाकला आहे. त्यावर माझ्या आईवडिलांखाली दौंडच्या त्या आजींचे नाव आहे, त्याखाली बापूचे, त्याखाली विठाबाईंचे. तेवीस वर्षे उशीर झाला. पण देवाच्या घरी उशिरा आलेली प्रार्थना परत पाठवीत नाहीत, ह्यावर माझा भरवसा आहे.

तो आसामचा मुलगा आता शेवटच्या बाकावरून तीन बाके पुढे आला आहे. मागच्या रविवारी त्याच्याबरोबर आणखी दोघेजण होते. मिस्सा संपल्यावर त्यांना तसेच जाऊ देऊ नका. मराठी येत नसली तरी चहा सर्वांना समजतो.

हे प्रभू येशू, नाईनच्या वेशीवर तू ओळख नसलेल्या मयतापाशी थांबलास. ज्यांना आम्ही ओळखत नाही अशा मृतांवर दया कर, आणि त्यांच्यासाठी रडणाऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी आम्हाला दे. जे आम्ही नाकारले ते तू स्वीकार. सर्व मृतांच्या आत्म्यांना, देवाच्या कृपेने, चिरशांती लाभो. आमेन.

ख्रिस्तामध्ये तुमचा,
धर्मगुरू